सोलापुरातलं ‘खोलीचं तापमान’

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वय ३४, राहणार सोलापूर. नोकरीसाठी तीन वर्षं म्युनिकला होते. तिथे मित्रांच्या संगतीनं घरी माल्ट भिजवून बिअर करायला शिकले. वडिलांच्या आजारपणात परत आले आणि घरची बेकरी हाती घेतली. इथे परवान्याशिवाय बिअर करता येत नाही म्हणून आंबवण्याची पायरी सोडली, पण तोपर्यंतची रीत तशीच ठेवून आता जवाच्या माल्टचा पाक करतात. तो पाव-बिस्किटांत घालतात आणि पुण्यातले दोन बेकरीवाले विकतही घेतात. ५ किलो माल्ट, १५ लिटर पाणी, ६६ अंश, एक तास. मग वरून गरम पाणी सोडून चोथा धुवायचा आणि २२ लिटर गोड पाणी गोळा करायचं. म्युनिकला साखरेचा उतारा दर वेळी ७५ टक्क्यांच्या आसपास यायचा. इथले वर्षभरातले आकडे असे: डिसेंबर ७२, जानेवारी ७४, एप्रिल ६१, मे ५८, ऑगस्ट ७०, ऑक्टोबर ५५. ते लिहितात, “रीत तीच, माप तेच, माल्टही एकाच व्यापाऱ्याकडचा. गिरणीत भरड नीट होत नसणार. ४५ हजारांचं रोलर मिल घेऊ का? वडील म्हणतात, हा नाद सोड. बायको म्हणते, कर्ज काढून यंत्र नको. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेआधी पुण्याची मोठी ऑर्डर पोचवायची आहे.”

नमस्कार.

तुमचं पत्र आधी सरळ वाचलं, मग हातात पेन्सिल घेऊन पुन्हा वाचलं. वही ठेवणारा माणूस दिसला की मला फार बरं वाटतं. सहाही घाण्यांचे आकडे तुम्ही लपवाछपवी न करता दिलेत, त्यातला ५५ सुद्धा. त्यामुळे मला अंदाजानं बोलावं लागत नाही.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. जव भिजवून, मोड आणून वाळवला की त्याचा माल्ट होतो. मोड येताना दाण्यात विकरं, म्हणजे एन्झाइम तयार होतात. माल्ट भरडून गरम पाण्यात धरला की ही विकरं दाण्यातल्याच पिष्टाची साखर करतात. या गरम कालवणाला मॅश म्हणतात. दाण्यातून जास्तीत जास्त जेवढी साखर निघू शकते, त्यातली प्रत्यक्षात किती हाती आली ती टक्केवारी म्हणजे उतारा. शब्द साखर कारखान्याचा आहे, तो आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावावा लागत नाही. फक्त कारखाना उतारा उसाच्या वजनावर काढतो, आपण शक्य तेवढ्या साखरेवर काढतो.

कायद्याचं तुम्ही बरोबर ओळखलंत. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरतं का असेना. पाकाला ती अडचण नाही. मात्र एक सांभाळा. मे महिन्यात हे गोड पाणी रात्रभर उघडं राहिलं तर ते आपोआप आंबायला लागतं. ज्या दिवशी निथळाल त्याच दिवशी उकळून आटवा, आणि पाक ७५ ते ८० ब्रिक्सपर्यंत, म्हणजे १०० ग्रॅममध्ये तेवढे ग्रॅम साखर होईपर्यंत, दाट न्या, मग तो टिकेल.

आता मुद्द्याकडे येते. तुमच्या पत्रातलं ‘रीत तीच, माप तेच’ हे वाक्य मला पटत नाही. तुम्ही खोटं लिहिलंत असं मुळीच म्हणत नाही. तुमचे हात दर वेळी तेच करतात, यावर माझा विश्वास आहे. पण पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता चार गोष्टी लिहिल्यात. नमुना ‘खोलीच्या तापमानाला’ आणून हायड्रोमीटरनं, म्हणजे द्रवात तरंगत घनता दाखवणाऱ्या काचेच्या नळीनं मोजता. नळाला पाणी नसेल तेव्हा बोअरचं घेता. मे महिन्यात माल्ट कमी पडला म्हणून किलोभर ज्वारीची भरड घातलीत, ऑगस्टमध्ये घरात नागपंचमीच्या उरलेल्या लाह्या होत्या म्हणून किलोभर त्या घातल्यात. आणि ऑक्टोबरमध्ये त्याच पिंपात ८ किलोचा घाणा काढलात. तुमच्या लेखी या किरकोळ बाबी आहेत. मला या चार ओळींतच सगळं पत्र दिसलं.

सगळ्यात आधी खोलीचं तापमान. म्युनिकमध्ये खोली २० अंशांची असते. तिथे हिवाळ्यातही घर तापवलेलं असतं, त्यामुळे वर्षभर साधारण तेवढीच. तुम्ही तिथून आणलेल्या हायड्रोमीटरच्या आतल्या कागदी पट्टीवर बारीक अक्षरात २० अंश छापलेलं असेल, बघा. म्हणजे द्रव २० अंशांचा असेल तरच तो काटा खरं बोलतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बेकरीच्या मागच्या खोलीत दुपारी तीनला किती तापमान असतं? भट्टी शेजारी असताना ४० धरायला काहीच हरकत नाही. तुम्ही नमुना इमानदारीनं ‘खोलीच्या तापमानाला’ आणलात, पण ती खोली सोलापूरची होती.

हिशेब करून बघू. हायड्रोमीटरच्या आकड्यातला १.००० च्या पुढचा भाग म्हणजे गुण, १.०४२ असेल तर ४२, आणि ते लिटरनं गुणायचे. किलोला ३०० गुण या तुमच्याच मापानं ५ किलोचे जास्तीत जास्त १,५०० गुण होतात. हायड्रोमीटरनं १.०४२ दाखवलं, पाणी २२ लिटर. ४२ गुणिले २२ म्हणजे ९२४, भागिले १,५००, उतारा ६१.६ टक्के. हा तुमचा एप्रिलचा घाणा. पण ४० अंशांच्या पाण्याची घनता २० अंशांच्या पाण्यापेक्षा कमी असते, त्यामुळे काटा जास्त बुडतो आणि सुमारे ६ गुण कमी दाखवतो. खरा आकडा १.०४८ असणार. ४८ गुणिले २२ म्हणजे १,०५६, आणि उतारा ७०.४ टक्के. साखर तेवढीच होती, तुमच्या पिंपात होती, पाकातही उतरली. वहीत फक्त लिहिली गेली नाही.

हीच दुरुस्ती बाकीच्या महिन्यांना लावली की मेचे ५८ साधारण ६७ होतात. डिसेंबरमध्ये खोली २५-२६ अंशांची धरली तर ७२ चे ७४ होतात. ऑगस्टचे ७० हे ७३ च्या पुढे जातात. ऑक्टोबरच्या मोठ्या घाण्याचे ५५ हे ५८ होतात. म्हणजे ज्या चढउतारानं तुमची झोप उडाली, त्यातला जवळजवळ अर्धा हा मोजण्यातला आहे. दूध संकलन केंद्रावर लॅक्टोमीटर लावणारा माणूस दुधाचं तापमान बघितल्याशिवाय आकडा लिहीत नाही, तो याचसाठी. तुम्हीही नमुन्याची नळी झाकण लावून बर्फाच्या पाण्यात धरा, २० अंशांवर आणा, मगच काटा सोडा.

काही जण म्हणतील, रिफ्रॅक्टोमीटर घ्या, थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून तो साखर दाखवतो, दोन थेंबांत काम होतं. जरूर घ्या. सांगोल्याकडचे डाळिंबवाले, द्राक्षवाले, ऊसवाले सगळे ते ‘ब्रिक्स मीटर’ म्हणून वापरतात, एखाद्याकडून उसनाही मिळेल. मात्र त्यातली आपोआप तापमान-दुरुस्ती बहुतेक यंत्रांत १० ते ३० अंशांपुरतीच असते. मे महिन्याच्या दुपारी तोही त्या हद्दीच्या बाहेर जातो. सकाळी लवकर मोजा, आणि प्रत्येक वेळी आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्य बघा.

मोजमापाची आणखी एक गोष्ट. तुम्ही पिंपाला आतून खुणा करून लिटर मोजता. ७० अंशांचं पाणी थंड असतानाच्या मानानं सुमारे २ टक्के फुगलेलं असतं, उकळतं असेल तर ४ टक्के. म्हणून लिटर सोडा आणि किलो धरा. बेकरीत मोठा काटा आहेच. गोड पाणी नीट ढवळून (तळाला दाट आणि वर पातळ असे थर बसतात, ढवळल्याशिवाय नमुना घेऊ नका) भांड्यासकट वजन करा, भांड्याचं वजन वजा करा. ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅममध्ये किती ग्रॅम साखर. २३ किलो गोड पाणी, १२ ब्रिक्स, म्हणजे २.७६ किलो साखर. ५ किलो माल्टमध्ये काढता येण्यासारखी साधारण ३.९ किलो असते. उतारा ७१. याला ना फुगवट्याची भानगड, ना गुणांचा गुणाकार.

इथपर्यंत आकडा खरा कसा करायचा ते झालं. तरीही ६७ आणि ७४ मध्ये फरक राहतोच, आणि तो खरा आहे. तो शोधायला मी सगळ्यांना एकच चाचणी सांगते, कारण ती सोपी आहे आणि तिच्यानंतर चर्चाच उरत नाही.

साखर दोन ठिकाणी हरवू शकते. एकतर ती तयारच झाली नाही, किंवा तयार झाली पण चोथ्यात राहिली. ऊस कच्चा तोडला तर रस पातळ निघतो. ऊस पक्का असूनही गाळप नीट झालं नाही तर साखर बगॅसमध्ये, म्हणजे चिपाडात जाते. दोन्हीकडे उतारा सारखाच पडतो, उपाय मात्र वेगळे. तुमचं भरडयंत्र फार तर पहिल्या दुखण्यावरचं औषध आहे, आणि दुखणं पहिलं आहे की दुसरं हेच अजून ठरलेलं नाही.

म्हणून असं करा. एक तास पूर्ण झाला, मॅश नीट ढवळला, की धुवणाचं पाणी घालायच्या आधी जे पहिलं दाट पाणी निघतं त्याचे दोन थेंब गार करून मोजा. किलोला ३ लिटर पाणी असेल आणि सगळ्या पिष्टाची साखर झाली असेल, तर हा आकडा २० ब्रिक्सच्या आसपास येतो. २० आला तर आतलं काम झालं, पुढे उतारा पडला तर दोष धुण्याचा. १६ आला तर समजा की पाऊण भागच साखर झाली आहे. अशा वेळी निथळू नका. अर्धा तास आणखी थांबा, ढवळा, पुन्हा मोजा. चढला तर वेळ कमी पडत होता. नाही चढला तर भरड, पाण्याची आम्लता, तापमान किंवा ज्वारी, यांपैकी काहीतरी आहे.

आयोडीनचीही परीक्षा आहे. पांढऱ्या बशीत गोड पाण्याचा थेंब, त्यावर आयोडीनचा थेंब, निळं-काळं झालं की पिष्ट शिल्लक आहे. टरफलाचा कण आला तर तो तसाही निळा होतो, म्हणून वरचं स्वच्छ पाणीच घ्या, आणि तो थेंब परत पिंपात टाकू नका. मला मात्र ब्रिक्सची चाचणी जास्त भरवशाची वाटते. आयोडीन हो किंवा नाही एवढंच सांगतं, ब्रिक्स किती ते सांगतो.

आता पाणी. इथे थोडी जास्त थांबते, कारण पाण्यानं माझं अर्धं आयुष्य शिकवण्यात घालवलं.

मी सत्तावीस वर्षं सोलापुरातल्या एका सूत-रंगाईच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. एकदा टॉवेलांच्या ऑर्डरचे दोन लॉट दोन छटांचे निघाले. एकच कृती, एकच रंग, एकच कारागीर. माल परत आला. मालकांनी कर्ज काढून रंगाईचं नवं यंत्र बसवलं, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. मग मी दर लॉटपुढे एकच गोष्ट लिहायला लागले, त्या दिवशी टाकीत पाणी कुठलं होतं. तीन आठवड्यांत उत्तर समोर आलं. नळाच्या दिवशी एक छटा, बोअरच्या दिवशी दुसरी. यंत्र कोपऱ्यात चालत राहिलं, हप्तेही चालत राहिले. तुमच्या पत्रातले ४५ हजार वाचून मला तेच आठवलं, म्हणून इतकं लांबण लावते आहे.

सोलापुरात पाणी ही एक गोष्ट नाही. उजनीच्या जलवाहिनीचं येतं, टाकळीच्या बंधाऱ्यावरून भीमेचं येतं, हिप्परग्याच्या तलावाचं येतं. नळ काही दिवसांआड. मध्ये बोअर, नाहीतर टँकर. बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून मुरून आलेलं, जड आणि अल्कधर्मी. चहाच्या पातेल्याला आणि गिझरच्या कॉइलला जो पांढरा थर बसतो, तोच तुमच्या मॅशमध्ये काम करतो. मॅशचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, ५.२ ते ५.६ च्या दरम्यान असेल तर विकरं जोमानं चालतात. अल्कधर्मी पाण्यात तो ६ च्या आसपास जाऊ शकतो. मग साखर हळू होते, निथळही मंद होते, आणि धुवण तापलेलं असेल तर टरफलाची तुरट चव उतरते. म्युनिकचं पाणीही चुन्याचं म्हणून प्रसिद्ध आहे, पण ते रोज सारखंच चुन्याचं. तिथे तुमच्या मित्रांनी एकदा जे जुळवलं ते वर्षभर पुरलं. इथे पाणी कुठलं, ते दर घाण्याला बदलतं.

करायचं काय? बोअरचं पाणी पंधरा मिनिटं खळखळून उकळा, झाकून रात्रभर गार होऊ द्या, तळाचा गाळ न हलवता वरचं काढून घ्या. बराचसा चुना तळाशी बसतो. नाहीतर आरओचं आणि नळाचं पाणी ठरलेल्या प्रमाणात मिसळा आणि ते प्रमाण बदलू नका. निव्वळ आरओ वापरू नका, विकरांना थोडं कॅल्शियम लागतं. मग मॅश कालवून दहा मिनिटांनी चमचाभर पाणी गार करून पीएच बघा. गरम असताना मोजाल तर आकडा सुमारे ०.३ नं कमी दिसेल आणि पीएच मीटरची कांडीही लवकर खराब होईल. जास्त असेल तर खाण्यायोग्य लॅक्टिक अ‍ॅसिड एकेक मिलिलिटर, किंवा बेकरीत असतं ते लिंबूसत्त्व एकेक ग्रॅम घालून, ढवळून, पुन्हा मोजत या. किती लागलं ते वहीत पाण्याच्या नावापुढे लिहा. दोन-तीन घाण्यांत बोअरला किती, नळाला किती, हे तुमचं तुम्हालाच पाठ होईल. घाईच्या वेळी याहून सोपा उपाय असा, की नळाच्या दिवशीच एका घाण्यापुरतं पाणी वेगळ्या पिंपात झाकून ठेवायचं. धुवणासकट २७-२८ लिटर लागतं, त्यापेक्षा जास्त नाही.

तुमच्या एप्रिल आणि ऑक्टोबरच्या घाण्यांपुढे पाणी कुठलं ते लिहिलेलं नाही. मला दोन्ही वेळा बोअरचं असावं असा संशय आहे. घरी कुणाला आठवत असेल तर विचारून बघा.

ज्वारीबद्दल. मेमध्ये भरड घातलीत तेव्हा उतारा पडला, ऑगस्टमध्ये लाह्या घातल्यात तेव्हा पडला नाही. तुम्ही याला योगायोग म्हटलंय. मी म्हणते, तुमच्या सहा घाण्यांतलं हे सगळ्यात बोलकं निरीक्षण आहे. पिष्टाचा कण पाणी पिऊन फुगून फुटल्याशिवाय विकरं आत शिरू शकत नाहीत. जवाचं पिष्ट साधारण ६० ते ६५ अंशांना फुगतं, म्हणजे तुमच्या ६६ अंशांच्या मॅशमध्ये त्याचं काम होऊन जातं. ज्वारीचं फुगायला ७० च्या वर जावं लागतं, तिथे जवाची विकरं तग धरत नाहीत. त्यामुळे कच्ची ज्वारी तासभर गरम पाण्यात बसली तरी बरीचशी कच्चीच राहते. लाही फुलते तेव्हा तेच पिष्ट उष्णतेनं आधीच फुटलेलं असतं. ती थेट मॅशमध्ये टाकली तरी चालते. भरडच घालायची असेल तर आधी तिच्या कण्या शिजवा, आपण ताकाबरोबर खातो तशा मऊ, थोड्या पातळ. गार करून ७० च्या खाली आणा, मग मॅशमध्ये मिसळा. मालदांडीची गोडी पाकात छान उतरते असं तुम्ही लिहिलंय. मलाही ते पटतं, ज्वारी सोडू नका.

पुढे घरीच ज्वारीला मोड आणून माल्ट करायचा विचार आहे असं तुम्ही लिहिता. एकच सावधगिरी, पण ती विसरू नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात आणि मुळांत सायनाइड तयार करणारा घटक असतो. कोवळी ज्वारी खाऊन गुरं दगावतात हे आपल्याकडच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे, कारण तेच. मोड आलेली ज्वारी चांगली कडक वाळवून, चोळून, पाखडून कोंब आणि मुळं पूर्ण काढून टाका. पहिल्यांदा कुणा जाणत्याच्या देखरेखीखालीच करा. गड्ड्याच्या ऑर्डरसाठी तर नकोच.

ऑक्टोबरच्या ८ किलोंना मी नापास म्हणणार नाही. किलोभर चोथा साधारण लिटरभर पाणी धरून ठेवतो. ५ किलोच्या घाण्यात ५ लिटर अडकतं, ८ किलोत ८ लिटर, आणि तेही जास्त दाट. गोळा मात्र दोन्ही वेळा २२ लिटरच केलंत, म्हणजे किलोमागे धुवणाचं पाणी कमी झालं. उतारा पडणारच. दोष कारागिराचा नाही, पिंपाचं माप तेवढंच आहे. वहीत ५ किलोचे आणि ८ किलोचे घाणे वेगवेगळ्या पानांवर लिहा, त्यांची तुलना करू नका. मोठा घाणा निघावा असं वाटत असेल तर धुवण दोनदा करा: निथळा, पाणी घाला, ढवळा, दहा मिनिटं थांबा, निथळा, आणि पुन्हा एकदा. गोड पाणी जास्त निघेल, आटवायला गॅसही जास्त लागेल. कधी कधी दोन छोटे घाणेच स्वस्त पडतात, तो हिशेब तुमच्या शेगडीवर करा.

आता गिरणी. तुमचा संशय अगदी निराधार नाही. पिठाच्या चक्कीवर जव टाकला की टरफलाचा भुगा होतो आणि निथळ तुंबते. गिरणीवाला दगड सैल करतो तेव्हा निम्मे दाणे अख्खे राहतात. आणि तुमच्या आधी कुणाचं काय दळून गेलं, यावर तो दगड किती आवळलेला आहे ते ठरतं. पण यावर पहिला उपाय ४५ हजारांचा नाही. गुरांचं भरड काढणारी गिरणी शोधा, एकदा जागा जुळली की तिथेच जा, पाव किलो आधी भरडून बघा. त्यातले १०० दाणे ताटात पसरून मोजा. अख्खे चार-पाचपेक्षा जास्त नसावेत आणि टरफलं मोठी, शक्यतो सलग दिसावीत. तसं नसेल तर तिथेच सांगून जुळवून घ्या. एवढं करूनही, पाणी आणि ज्वारी मार्गी लागल्यावरही, पहिलं दाट पाणी सलग तीन घाण्यांत १८ ब्रिक्सच्या वर चढलं नाही, तर यंत्राचा विचार करा.

पैशांचा हिशेबही मांडते, कारण घरात वाद त्यावर आहे. ५ किलोच्या घाण्यात उतारा १० टक्क्यांनी वाढला तर साधारण ३९० ग्रॅम साखर जास्त मिळते. ती मिळवायला एरवी सुमारे ७०० ग्रॅम माल्ट जास्त घालावा लागला असता. महिन्याला तुमचे घाणे किती, माल्टचा तुमचा भाव काय, हे तुम्हाला माहीत आहे. गुणाकार करा आणि तो कागद बायकोसमोर ठेवा. त्या कर्जाला नाही म्हणतात, कामाला नाही म्हणत, असं मला पत्रावरून वाटलं.

तापमानाचं थोडक्यात सांगते. धान्य मे महिन्यात ४० अंशांचं असतं, म्युनिकच्या घरात २० चं. ७२ अंशांचं पाणी दोन्हीकडे ओतलंत तर सोलापुरात मॅश दोन-अडीच अंशांनी जास्त गरम बसतो. उन्हाळ्यात पाणी ६९-७० चंच घ्या. थर्मामीटर तपासताना बर्फाच्या कालवणात शून्य बघा. उकळत्या पाण्यात बघाल तर १०० ची वाट पाहू नका. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी साधारण साडेअठ्ठ्याण्णवला उकळतं. चांगला थर्मामीटर खोटा ठरवून लोकांनी टाकून दिलेला मी पाहिला आहे.

तुमच्या वडिलांचं ‘नाद सोड’ मला टोचलं. ज्यानं आयुष्यभर भट्टीपुढे उभं राहून रोज एकसारखा पाव काढला, तो माणूस एकसारखेपणाबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त सांगू शकेल. उन्हाळ्यात आणि थंडीत ते पिठात पाणी किती गार घालतात, नवं पोतं उघडलं की आधी काय बघतात, हे त्यांना विचारा. त्यांनी हे कधी वहीत लिहिलं नसेल, पण हात सांगत असणार. मॅशसाठी तुम्ही जे शोधताय तेच ते कणकेसाठी करत आलेत. कदाचित त्यांना अजून कुणी तसं विचारलेलं नाही.

ऑर्डरसाठी असं जमवा. जत्रा संक्रांतीला, म्हणजे हातात तीन-चार घाणे नक्की आहेत. सगळे ५ किलोचे ठेवा, निव्वळ माल्टचे, नळाच्या साठवलेल्या पाण्यातले, एकाच गिरणीच्या भरडीचे. पहिल्या घाण्यात काहीही सुधारायला जाऊ नका. पहिल्या दाट पाण्याचा ब्रिक्स, पीएच, गोळा झालेल्या पाण्याचं वजन आणि शेवटचा ब्रिक्स, २० अंशांवर, एवढं लिहा. दुसरा घाणा अगदी तसाच काढा. दोन आकडे दोन-तीन टक्क्यांच्या आत आले, मग ते ६८ असोत की ७३, तर त्या आकड्यावरून ऑर्डरला किती माल्ट लागेल ते मोजून पोतं मागवा. पुण्याच्या बेकरीवाल्यांना तुमचा उतारा किती याच्याशी देणंघेणं नाही, प्रत्येक डब्यात पाक तेवढाच दाट आणि तेवढाच गोड हवा. कण्यांचा आणि बोअरच्या पाण्याचा प्रयोग जत्रा उरकल्यावर काढा, एका वेळी एकच. एप्रिल लागायच्या आत नमुना गार करायला बर्फाचा डबा बेकरीत आणून ठेवा.